आमची कयाधू आणि बाकीच्या कयाधू

हिंगोलीच्या एस.टी. स्टँडवर उभं राहून एकदा मोठ्यानं “ए कयाधू” अशी हाक मारून बघा. रसवंतीपाशी उभी असलेली एक पोरगी वळेल, कळमनुरीच्या गाडीच्या खिडकीतून दुसरी डोकं बाहेर काढील आणि बाकावर आईच्या मांडीवर झोपलेली तिसरी दचकून रडायला लागेल. वरून रसवंतीवालाही “हाफ का फुल?” म्हणून विचारील, कारण त्याच्या दुकानाचं नावच कयाधू रसवंती आहे. या सगळ्याला मी जबाबदार आहे. त्याबद्दल जिल्ह्यानं मला साधं शाल-नारळसुद्धा दिलेलं नाही. मला सत्काराची हाव नाही, पण कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

हे नाव माझ्या टाइपरायटरमधून निघालं. मी पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत कारकून. दिवसभर “कयाधू नदीवरील”, “कयाधू नदीकाठच्या” असं टाइप करण्यात जन्म चालला होता. कचेरीत आम्ही तीन प्रभू. साहेबांनी “प्रभू” म्हणून हाक मारली की तिघंही उभे राहायचो आणि साहेब त्यातल्या दोघांना “तुम्ही नाही” म्हणायचे. हे “तुम्ही नाही” जवळजवळ दर वेळी माझ्या वाट्याला यायचं. घोटाळा नको म्हणून पुढं एक झाले मोठे प्रभू, एक झाले चष्म्याचे प्रभू, आणि मी झालो आवक-जावक प्रभू. तरी एकदा चष्म्याच्या प्रभूंची बदली निघाली आणि पावसाळाभर औंढ्याला जाऊन मी बसलो. चूक लक्षात आल्यावर साहेब म्हणाले, “नागनाथाचं दर्शन तर झालं ना?” घरी बायकोचं नाव सीमा. आमच्या गल्लीत हापशावर कुणी “सीमा” म्हटलं की अर्धी रांग मागं वळून बघायची.

आता माझा बाप मसाजी, मेंढरं राखणारा माणूस. अंगठाबहाद्दर. पण त्याच्या कळपातल्या एकेका मेंढीला वेगळं नाव होतं. संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभा राहून तो “काजळे” म्हणायचा की कळपातून काजळी तेवढी पुढं यायची, बाकीच्या मान खाली घालून उभ्या. लहानपणी मी हे रोज बघितलं. पुढं शिकलो, नोकरीला लागलो, मालकीचा टेबलफॅन घेतला, पण काजळीला जे मिळालं ते मला कधी मिळालं नाही. त्यामुळं १९९९ च्या एप्रिलात आम्हाला मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातच मी ठरवून टाकलं. हिचं नाव असं ठेवायचं की हाक मारल्यावर एकच पोरगी वळली पाहिजे. आयुष्याकडून माझी दुसरी काही मागणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद चढवला आणि बोटं आपोआप चालली. कयाधू. वर्षानुवर्षं टाइप केलेला शब्द, पण हे बाईचं नाव आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. प्रल्हादाची आई. आणि एवढी नदी गावाला लागून वाहते, तरी गावात एकाही पोरीचं हे नाव नाही. अंगावर सर्रकन काटा आला. मी खुर्ची सोडून उभाच राहिलो. मोठे प्रभू पाय वर घेत म्हणाले, “काय निघालं? विंचू हाय का?”

घरी येऊन सीमाला सांगितलं. ती बाळाला थोपटत होती. थोपटायची थांबली.

“अहो, ती हिरण्यकश्यपूची बायको न्हवं का? राक्षसाची?”

“राक्षसाची बायको म्हणू नये. भक्ताची आई म्हणावं.”

“मंग आपला जावई कोन म्हनायचा?”

मी हात-पाय धुवायला गेलो. परत येतो तर शेजारच्या भिकाबाई उंबऱ्यावर बसलेल्या. भिकाबाईच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून देवाच्या दारात पदर पसरून मागून घेतलेली ही लेक, आणि म्हणून नाव भिकाबाई. त्यामुळं नावांच्या बाबतीत आपला अधिकार गल्लीत सगळ्यांत मोठा आहे असं त्यांचं मत होतं. इतरही सगळ्या बाबतींत त्यांचं हेच मत होतं.

“नदीचं नाव ठिवू न्हाई, भाऊ. उन्हाळ्यात आटंल लेकरू.”

“मावशी, गंगा, गोदावरी ही नावं ठेवतातच की लोक.”

“त्या बारमाही हायत.”

मग मात्र मी सतरंजी ओढून बसलो आणि त्यांना सगळी कथा सांगितली. हिरण्यकश्यपू तपाला गेलेला, इंद्रानं गरोदर कयाधूला पळवून नेलं, वाटेत नारदानं अडवून तिला आश्रमात ठेवलं, तिथं ती रोज देवाचं ऐकायची आणि पोटातलं लेकरू हुंकार द्यायचं. मी नारदाचा आवाजही काढला. भिकाबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि उठून हीच कथा हापशावर जाऊन सांगितली. मला फार आनंद झाला. वाटलं, निम्मी लढाई जिंकली. लढाई कोणत्या बाजूनं जिंकतो आहोत हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

खरी अडचण होती आमची अक्का. माझी थोरली बहीण अनुसयाबाई, दिली पुसेगावला. शेती आणि मेंढरं सांभाळते, आणि बाकी वेळ मला. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे सगळ्या दुनियेला ठाऊक. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी लागून कुर्र करते, नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. अक्का दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं आली, बाळाला मांडीवर घेतलं, नाक बघितलं, हनुवटी बघितली आणि म्हणाली, “सोजराबाई.”

आमची आई सोजराबाई. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“अक्का, मी नाव ठरवलंय. कयाधू.”

“काहून? आईच्या नावाला काय झालं?”

“आईच्या नावाला काही झालं नाही. पण सोजरा घरटी एक आहे. पुसेगावच्या बाजारात सोजरा म्हणून हाक मार, सगळ्या भाजीवाल्या वळतील.”

अक्कानं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करत म्हणाली, “परभ्या, आई वापस घरात आली, आन तू तिला नदीत सोडून राहिला.” एवढं बोलून चहा न घेता निघाली. अक्का चहा न घेता गेली म्हणजे प्रकरण गंभीर. वरून त्याच आठवड्यात तिच्या सासरी सुतक पडलं. आत्याशिवाय बारसं होणार कसं? ते सव्वा महिन्यावर ढकललं. या ढकलण्यानं माझा घात केला.

कारण मधे आला एक मे. हिंगोली जिल्हा झाला. ज्यानं ते दिवस बघितले नाहीत त्याला सांगून कळायचं नाही. परभणीचे हेलपाटे सुटले, आपल्याला आपला कलेक्टर मिळणार, या आनंदात माणसं रस्त्यावर एकमेकांना उचलून घेत होती. मला चष्म्याच्या प्रभूंनी उचललं, तेव्हा औंढ्याचंही मी विसरून गेलो. जिकडंतिकडं गुलाल, फटाके, पेढे. आमच्या चौकात पोरांनी घरोघरच्या खाटा-बाजा जोडून स्टेज केलं. बोलावलेले पाहुणे चार ठिकाणी बोलावलेले असल्यानं आले नाहीत, आणि माइक तर भाड्यानं आणलेला. कुणीतरी म्हणालं, “प्रभुबाबू, बोला.”

मी चढलो. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं, पण माझ्या पोटात तेव्हा एकच विषय होता. मी म्हणालो, जिल्हा नवा झाला, पण या मातीची एक आई जुनीच आहे. मग कयाधूची कथा सुरू केली. इंद्र म्हणजे कोण हे लोकांनी आपापलं ठरवून घेतलं, बहुतेकांनी परभणी ठरवलं. नारदानं कयाधूला सोडवलं तिथं टाळ्या पडल्या. प्रल्हाद पोटात हुंकारला तिथं माझ्या पायाखालच्या बाजा कडकडा वाजल्या, त्यातली एक मोडली. “अशा आईचं नाव एकाही लेकीला नसावं?” असं मी विचारलं आणि सगळा चौक गप्प झाला. नोकरीला लागल्यापासून माझं बोलणं एवढ्या माणसांनी एका वेळी कधी ऐकलं नव्हतं. मला “तुम्ही नाही” म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दुसऱ्या सकाळी समोरच्या अमरसिंगनं आपल्या वडापच्या जीपवर रंगाऱ्याकडून “कयाधू एक्सप्रेस” लिहून घेतलं. अमरसिंग तांड्यावरचा, मोठ्या मनाचा माणूस, कुणाचं चांगलं दिसलं की त्याला राहवत नाही. ती जीप दिवसभर हिंगोली ते कळमनुरी पळायची आणि प्रत्येक पॅसेंजरला तो नावाचा अर्थ सांगायचा. मी त्याला नारदाच्या आवाजात कुठं चुकतो ते दाखवून दिलं. इतका मी आनंदात होतो.

त्याच आनंदात जन्माची नोंद करायला गेलो. तिथं नोंद घेणारे उकंडराव. जाड भिंगाचा चष्मा, हळू आवाज.

“नाव?”

“कयाधू.”

“ती गावाखालून वाहती ती झाली. लेकराचं सांगा.”

“लेकराचंच सांगतोय.”

त्यांनी पेन खाली ठेवला. “सरकारी नदीचं नाव खाजगी लेकराला देता येतं का, हे वर विचारावं लागल.”

“मग विचारा.”

“तीच तर तकलीफ हाय. परवापर्यंत वर म्हंजे परभणी. आता वर कुठं हाय, हे अजून आमाला कळवलं न्हाई.”

मी रांगेकडं वळून रांगेलाच न्याय मागितला. रांगेला अर्थातच कथा सांगावी लागली. बाया मान डोलवत होत्या, एका म्हाताऱ्यानं मला पुढं जागा करून दिली. त्या जोरावर मी जरा जास्तच चढलो आणि म्हणालो, “उकंडराव, तुमचं नाव ठेवताना तुमच्या आईनं वर कुठं विचारलं होतं का?” उकंडराव म्हणजे जगावं म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणलेलं लेकरू. त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “विचारलं होतं. सटवाईला.” मग लिंग स्त्री असं लिहून नावाचा रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. घरी येऊन मी सीमाला सांगितलं की नोंद तत्त्वतः झाली आहे.

आता भिकाबाई पूर्णपणे आमच्या बाजूच्या झाल्या होत्या, पण त्यांची एक अट निघाली. ज्या नदीचं नाव घ्यायचं तिची आधी ओटी भरा आणि तिचं पाणी लेकराच्या ओठाला लावा. न विचारता नाव उचललं तर नदी राग धरते. सीमा म्हणाली, एवढं करून टाकाच. म्हणून रविवारी अमरसिंगच्या जीपमध्ये मी, भिकाबाई, खण, नारळ, तांदूळ आणि रिकामा तांब्या असे निघालो.

वैशाखात आमची नदी घरी नसते. इकडून तिकडं नुसती वाळू, मधे टरबुजाचे वेल आणि सावलीला बसलेल्या शेळ्या. भिकाबाईंनी कोरड्या वाळूची ओटी भरली, पण पाणी कुठलं आणायचं? “झिरा खांदा,” म्हणाल्या. उन्हाळ्यात वाळू उकरली की खाली पाझर लागतो, त्याला झिरा म्हणतात. मी कचेरीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उकरायला बसलो. वाळू जितकी काढावी तितकी कडेनं परत आत. माझ्या अंगाला घाम, भिकाबाई कडेला नारळ घेऊन उभ्या, खड्ड्यात मी वाकलेला. टरबूजवाल्यानं हे लांबून बघितलं आणि गावात निरोप गेला की नदीत महादेवाची पिंड निघाली.

अर्ध्या घंट्यात माणसंच माणसं. कुणी उदबत्ती आणली, कुणी माझ्याच पाया पडलं. एका बाईनं मला अंगात आलंय का असं विचारलं. मी “नाही, नाही, पोरीच्या नावासाठी” एवढं म्हणेपर्यंत मोटरसायकलवरून महसुलाचा माणूस आला.

“वाळू कुणाच्या परवानगीनं उपसून राहिले?”

“तांब्याभर पाणी पाहिजे हो.”

“पानी न्यायला जीप काहून लागती?”

काय करणार? वाळूच्या ढिगावर चढलो आणि सांगायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, असा मी त्याआधी कधी बोललो नाही आणि नंतरही नाही. ऐन नदीत, भर उन्हात, खाली वाळू भाजत होती आणि मी कयाधूला आश्रमात नेऊन बसवत होतो. “पोटातल्या लेकरानं हुंकार दिला” म्हणालो, आणि त्याच वेळी भिकाबाई ओरडल्या, “पानी लागलं.” खड्ड्याच्या बुडाला खरंच पाणी चमकत होतं. बायांनी ओंजळी भरून डोळ्यांना लावल्या. महसुलाच्या माणसानं वही खिशात घातली, टोपी काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “आमच्या घरीबी बाईचे दिवस भरत आले. नाव लई चांगलं हाय, साहेब.”

मी तांब्या घेऊन धावत घरात शिरलो. सीमानं पाण्याचं बोट बाळाच्या ओठाला लावलं, बाळानं जीभ बाहेर काढून चव घेतली. मी सगळं रंगवून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “लई चांगलं झालं. पन अहो, किती जनांना सांगितलं तुमी?”

“सगळ्यांना,” मी अभिमानानं म्हणालो. आणि मोजायला बोटं पुरेनात.

चार दिवसांनी अमरसिंग लाडूचा पुडा घेऊन दारात. “प्रभुबाबू, नात झाली. तांड्यावर चला. तुमच्यामुळं नाव सुचलं, तुमाला बोलवल्याबिगर कसं ठिवायचं?” मला तिथं सगळ्यांच्या पुढं बाजेवर बसवलं. बाया गाणी म्हणत होत्या, अमरसिंगची बायको जिवनबाई ताटलीत लाडू घेऊन पुढं आली आणि त्याच वेळी बायांनी बाळाचं नाव घेतलं. कयाधू. माझा लाडू तोंडात तसाच राहिला. गिळवत नव्हता आणि लोक बघत असल्यानं थुंकताही येत नव्हता.

“अमरसिंग,” मी नंतर त्याला म्हणालो, “हे तर आमच्या पोरीचं नाव.”

“हां तो,” तो आनंदानं म्हणाला, “दोघी मैतरणी होतील. एकाच नावाच्या.”

त्याच्या तोंडाकडं बघून मला रागावताही येईना. मग महसुलाच्या माणसाला मुलगी झाली. मग उकंडरावांच्या रांगेतल्या एका बाईच्या लेकीला. टरबूजवाल्याच्या सुनेला झाली. प्रत्येक जण माझ्याकडं पेढे घेऊन यायचा आणि मी प्रत्येकाला “वा वा” म्हणायचो. एकाला जरा धीर करून सुचवलं की दुसरंही एखादं चांगलं नाव बघा, तर तो म्हणाला, “तुमीच तर चौकात म्हनले, एका बी लेकीला न्हाई म्हनून.” उकंडरावांनी तोवर वरून आदेशाची वाट बघणं सोडून दिलं होतं आणि सगळ्या कयाधू बिनबोभाट लिहून घेत होते. आमचा रकाना तेवढा कोरा होता, कारण मी रागानं तिकडं फिरकलो नव्हतो. मग रसवंती आली, झेरॉक्स आलं, कयाधू टेलर्स आलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या गल्लीत कयाधू पिठाची गिरणी सुरू झाली. दळण आणायला मीच जायचो.

सीमा म्हणाली, अजून बारसं झालं नाही, बदलून टाकू. माझा स्वाभिमान आडवा आला. मूळ कयाधू आमची. नकलेला भिऊन अस्सल मालानं नाव बदलायचं का?

सव्वा महिना भरला, अक्का आली. मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती, पण ती एका शब्दानं भांडली नाही. चहा घेतला, आणखी अर्धा कप मागितला. “लोकांना काय सांगायचं ते सांग,” म्हणाली. “कानात मी सांगन.” आत बाया जमल्या, पाळणा हलला, अक्का वाकून बाळाच्या कानाशी लागली. कुर्र झालं, धपाट्यांचा पाऊस पडला. भिकाबाईंचा हात जड, अक्का हसता हसता कळवळली. बाहेर येऊन मी मोठ्यानं जाहीर केलं, “मुलीचं नाव कयाधू.” जमलेल्यांत कुणी चकितसुद्धा झालं नाही. कोपऱ्यातून एक बाई दुसरीला म्हणाली, “आनखी एक?” ज्या क्षणासाठी मी नदी उकरली होती तो असा दोन शब्दांत संपला. मला अगदी रडू आलं. उदबत्तीच्या धुरावर ते खपून गेलं.

पोरगी वाढायला लागली तशी नवी काळजी सुरू झाली. तिला “कयाधू” म्हटलं की ती बघायचीच नाही. गल्लीतल्या चार कयाधू धावत यायच्या, अमरसिंगची नात तर सगळ्यांत आधी, आणि आमची मातीत रेघा ओढत तशीच बसलेली. भिकाबाई म्हणाल्या, कानात तेल घाला. घातलं. सीमाच्या भावानं सांगितलं, नांदेडला दाखवा. दाखवलं. डॉक्टरनं कानात बॅटरी मारून बघितलं, मागं जाऊन हळूच कागद चुरगळला, पोरगी लगेच वळली. “कान उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाले. “घरात हिला काय म्हणून हाक मारता?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अरे वा, आत्ताच एक कयाधू येऊन गेली. हिंगोलीची.”  उन्हाळ्यात मात्र पोरगी पुसेगावला आत्याकडं गेली की खुशीत असायची आणि परत येताना गाडीत रडायची.

२००५ च्या जूनमध्ये शाळेत घालायची वेळ आली. कोरा रकाना आता भरणं भाग होतं. हेडमास्तरांच्या खोलीत बाकावर पालक आणि पोरी रांगेनं बसलेल्या. हेडमास्तर निवृत्तीला आलेले, मोठ्या आवाजाचे. पहिल्या पालकानं नाव सांगितलं, कयाधू. अमरसिंगनं सांगितलं, कयाधू. महसुलाच्या माणसानं सांगितलं, कयाधू. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

“हे काय देवीची साथ आल्यागत झालंय? वर्गात हजेरी कशी घ्यायची मी? आता ही लांबडी कयाधू, ही अमरसिंगाची कयाधू. तुमची काय, बाबू? तिला आवक-जावकची कयाधू म्हणू का?”

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. माझंच नशीब माझ्या पोरीच्या बाकावर येऊन बसलं होतं. उद्यापासून गुरुजी हाक मारणार, ती उभी राहणार आणि ते म्हणणार, तू नाही. सहा वर्षांचं लेकरू ते. सीमानं खालून माझा हात धरला.

बाकीचे उठून गेल्यावर हेडमास्तरांना काय वाटलं कोण जाणे, ते पोरीकडं वाकले. “बाळ, तुझं नाव काय गं?”

पोरगी म्हणाली, “सोजरा.”

मी आणि सीमानं एकमेकांकडं बघितलं.

“कोण म्हणतं सोजरा?”

“आत्या. मामाजी. पुसेगावात समदे.” मग जरा विचार करून म्हणाली, “कयाधू म्हनलं की समद्याच पळत जातात. आत्यानं वाड्याच्या तोंडाला उभं राहून सोजरा म्हनलं की मी एकटीच जाते. मेंढरं बी वाट देतात.”

हेडमास्तरांचा आवाज एकदम खाली आला. “आमच्या वेळी घरटी एक सोजरा होती,” म्हणाले. “चांगली नावं होती. आता शाळेत शोधून एक सापडायची नाही.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “मग काय लिहू?”

मी पोरीकडं बघत राहिलो. आईचं नाव त्या खोलीत कुणीतरी इतक्या वर्षांनी उच्चारलं होतं, तेही तिच्याच हनुवटीच्या पोरीनं. आणि मी जे नदी उकरून आणायला गेलो होतो ते अक्कानं बारशालाच तिच्या कानात ठेवून दिलं होतं. मी नुसती मान हलवली. सीमा म्हणाली, “सोजराच लिवा, गुरुजी.”

खोलीच्या बाहेर आलो आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. आख्ख्या शाळेत एक. कदाचित आख्ख्या तालुक्यात त्या वयाची एक. सोजरा या नावाची थोरवी, आमच्या आईची गोष्ट, तिनं दुष्काळात कळप कसा जगवला ते सगळं एकदम ओठावर आलं. शाळेच्या फाटकात माणसं उभी होती, पायरीही चांगली उंच होती. मी पायरीवर चढलोसुद्धा. तेवढ्यात सीमानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

फाटकाशी जीप लावून अमरसिंग उभा होता. शेजारी भिकाबाई, खास विचारायला आलेल्या. अमरसिंगच्या घरी नुकतीच आणखी एक नात झालेली, तिचं बारसं व्हायचं होतं.

“काय मग, प्रभुबाबू,” अमरसिंग म्हणाला, “काय नाव लावलं शेवटी?”

पोरीनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडात खिशातलं चॉकलेट घातलं.

“कयाधूच,” मी म्हणालो. “दुसरं काय असणार?”